रांग कधी बंद होणार? बडोद्यातलं एक रिसेप्शन आणि नऊ जणांचा सोल बँड

"सोल म्हणजे चपलेचा असतो तोच ना गं?" हा आजींचा पहिला प्रश्न. दांडिया बाजारातल्या त्या जुन्या घराच्या बैठकीत नातीने नुकतंच जाहीर केलं होतं की माझ्या रिसेप्शनला डीजे नको, सोल बँड हवा, आणि तोही खरा वाजवणारा. नात मिशिगनमध्ये शिकून आलेली. तिथून डेट्रॉइट जवळ, आणि बेरी गॉर्डीने १९५९ साली मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली ती डेट्रॉइटमध्येच. ज्या साध्या घरात ते रेकॉर्डिंग चालायचं, तिथे आता संग्रहालय आहे. ते बघून आली तेव्हापासून तिच्या डोक्यात हे बसलं होतं.

मला बोलावलं होतं ते दोन्ही बाजू सांभाळायला. नवरात्रात मी गरब्याच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि उरलेलं वर्ष लग्नांच्या साउंडची जुळवाजुळव करतो. हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण असा बँड हवा म्हणून आता आणखी चौकशा येऊ लागल्या आहेत आणि प्रत्येकाला फोनवर पहिल्यापासून सांगायचा कंटाळा येतो. घरच्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे मात्र त्या वेळच्या वहीतले आहेत.

आजींना मी सांगितलं ते असं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये भजनासारखं एक गाणं असतं, त्याला गॉस्पेल म्हणतात. पुढचा एक ओळ टाकतो, मागचे सगळे ती झेलतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रे चार्ल्स, सॅम कुक यांच्यासारख्यांनी त्या गाण्याची ढब रिदम अँड ब्लूजला, म्हणजे त्यांच्याच नाचाच्या गाण्यांना, लावली. देवाच्या जागी प्रियकर-प्रेयसी आली, पण आर्जव तेच राहिलं. तेच सोल. अरेथा फ्रँकलिन डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, वडिलांच्या चर्चमध्येच गायला शिकली. "म्हणजे शाहीर आणि झीलकरी," आजी म्हणाल्या. बरोबर. आणि गुजरातीत गरबा 'गवडावणारा' एक असतो, बाकीचे तो 'झीलतात'. शब्दसुद्धा तोच. पुढे सगळं या एका शब्दावर येऊन ठेपणार होतं, पण हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

वधूपित्याचा प्रश्न वेगळा होता. "डीजेवाला पंच्याऐंशी हजार सांगतोय. तुमचा आत्मा केवढ्याला पडेल?"

बँड शोधणं

बडोद्यात वाजवणाऱ्यांची वाण नाही. सयाजीरावांनी मौलाबक्षांकरवी १८८६ साली काढलेली गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणून सुरसागरच्या काठी उभी आहे. गरब्यामुळे शहरात ऑक्टोपॅड, ढोल, नाळ, कीबोर्ड वाजवणारे घराघरांत. पण ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन एकत्र बसून तीन सुरांत एक वाक्य वाजवतील असे तिघे इथे मिळणं कठीण. लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यांकडे वाद्यं असतात, पण ते सगळे एकाच सुरावटीवर वाजवतात. सोलमध्ये ब्रासचं, म्हणजे या तीन पितळी फुंकवाद्यांचं, काम निराळं. गायकाची ओळ संपली की मधल्या फटीत दोन-चार सुरांचं उत्तर टाकायचं आणि लगेच गप्प बसायचं. ती गप्प बसण्याची वेळ चुकली की सगळंच बिघडतं. म्हणून मुंबई. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांनी ब्रासची जी परंपरा रुजवली, तिच्यामुळे नोटेशन वाचून वाजवणारे तिथे अजून सापडतात.

तीन बँडांचे व्हिडिओ आले. तिन्ही झकास, आणि तिन्ही बिनकामाचे. आवाज स्टुडिओतला, चित्र गच्चीवरचं. मी तिघांनाही एकच गोष्ट मागितली: एखाद्या कार्यक्रमात गर्दीतून मोबाइलवर घेतलेलं, मध्ये न कापलेलं दहा मिनिटांचं चित्रण. एकाने पाठवलंच नाही. दुसऱ्याने पाठवलं, त्यात व्हिडिओतले नऊ जण पाच झाले होते आणि ब्रास लॅपटॉपमधून येत होता. गरब्यातही हे चालतं, आम्ही त्याला 'ट्रॅकवर वाजवणं' म्हणतो. त्यात पाप नाही, पण मग नऊ जणांचे पैसे का द्यायचे? तिसऱ्याच्या चित्रणात ट्रम्पेटवाल्याचा एक सूर चक्क फाटला आणि शेजारचा सॅक्सोफोनवाला हसला. तो बँड ठरला.

करारात मी चार ओळी घालायला लावल्या. नऊ जण कोण-कोणतं वाद्य घेऊन येणार ते लिहायचं: ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड, तीन ब्रास, एक मुख्य गायिका आणि एक झील धरणारा. कोणी आजारी पडला तर बदली त्याच वाद्याची. गाण्याखाली ट्रॅक नाही. पैसे निम्मे आगाऊ, चाळीस टक्के साउंड चेक झाल्यावर, दहा टक्के शेवटी. बँडच्या मॅनेजरने चौथ्या ओळीवर थोडी कुरकुर केली. त्याच्या बाजूच्या मागण्यांची यादी दोन पानी होती आणि तिच्या शेवटी पाहुणचारात 'दोन क्रेट बिअर' असं लिहिलं होतं. त्याला म्हटलं, भाऊ, गुजरात आहे. मसाला छास मिळेल, हवी तेवढी.

दहाचा काटा

इथे प्रकरण अडलं. जागा ठरली होती ती वासणा-भायली बाजूचा एक पार्टी प्लॉट, उघडं लॉन, एका अंगाला सोसायट्यांचे फ्लॅट. कमुर्ता, म्हणजे लग्नाला वर्ज्य महिना, संपल्यानंतरची तारीख, फेब्रुवारी. आमंत्रणपत्रिकेत छापायची वेळ घरच्यांनी ठरवली 'सायंकाळी ७.३० पासून'. बडोद्यात याचा अर्थ लोक साडेआठला येतात.

ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. २०१०च्या दुरुस्तीने त्यात वाद्यंही आणली. म्हणजे 'माइक बंद करून नुसता सॅक्सोफोन वाजवू' ही पळवाटही उघड्या लॉनवर उरली नाही. सूट आहे ती बंदिस्त जागेला, सभागृह किंवा बँक्वेट हॉलला, तीही आवाज आतल्या आत राहिला तर. वधूचे मामा मात्र ठाम होते: "नवरात्रात बारापर्यंत चालतं की!" हा बडोदेकरांचा जुना गैरसमज. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सण-उत्सवांसाठी, राज्य सरकार ती मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. नवरात्र त्यात बसतं. तुमच्या भाचीचं लग्न बसत नाही.

दहाच्या आत तरी काहीही चालतं असंही नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा फार तर पाच जास्त. खऱ्या ड्रम सेटसमोर हा आकडा फार छोटा आहे. आम्ही स्टेज फ्लॅटकडे पाठ करून लावलं, स्पीकर शेताच्या दिशेला वळवले, दोन मोठ्यांऐवजी लॉनभर विखुरलेले सहा लहान स्पीकर घेतले आणि ड्रम्सभोवती पारदर्शक पडदा उभा केला. पोलीस ठाण्याची परवानगी वधूपित्याने स्वतः जाऊन आणली.

म्हणजे हातात उरले साडेआठ ते दहा, दीड तास. आता दुसरी अडचण.

आपल्याकडचं रिसेप्शन म्हणजे रांग. नवरा-नवरी स्टेजवर उभी, पाहुणे खालून वर, पाकीट, फोटो, पलीकडून खाली, सरळ जेवणाकडे. बोलावलेली माणसं साडेसहाशे. ती घरटी येतात, म्हणजे साधारण २१० गट. एका गटाला आशीर्वाद आणि फोटो धरून ३५ सेकंद लावले, तरी होतात ७,३५० सेकंद. दोन तास अडीच मिनिटं. मी हा हिशेब वहीत मांडून वधूपित्याला दाखवला. साडेआठला रांग लागली तर साडेदहाला संपणार, आणि बँड दहाला बंद. म्हणजे जिच्या हौसेसाठी नऊ जण मुंबईहून येणार, ती मुलगी पूर्ण वेळ हात जोडून, त्यांच्याकडे पाठ करून उभी. समोरचे लोक हातात ताट घेऊन. गायिका ओळ टाकणार आणि झेलायला कोणी नाही. सोलचं निम्मं गाणं समोरच्यांकडून येतं. ते आलं नाही तर उरतं नुसतं चांगलं वाजवलेलं पार्श्वसंगीत, आणि त्यासाठी डीजे पुरेसा आहे. त्याला ताट दिसत नाही.

"लोक भेटायला येतात हो, गाणं ऐकायला नाही," वधूपिता म्हणाले. हेही खरंच होतं. दोन दिवस घरात धुसफूस चालली. आजींनी भावगीतांचा पर्याय सुचवून बघितला.

तोडगा मुलीनेच काढला, आणि तो इतका साधा होता की मला माझीच लाज वाटली. रांगेला आवाज लागत नाही. मग रांग दहानंतर ठेवा की! शेवटी ठरलं ते असं: साडेसात ते आठ चाळीस रांगेचा पहिला भाग, तेव्हा कीबोर्ड, बेस आणि सॅक्सोफोन हे तिघेच हळू आवाजात. आठ पन्नास ते नऊ पन्नास रांग बंद, नवरा-नवरी खाली लॉनवर, पूर्ण बँड. नऊ पंचावन्नला स्पीकर बंद करून रांग पुन्हा सुरू. पत्रिकेत एक ओळ वाढवली: 'रात्रौ ८.५० ते ९.५० वधू-वर आपल्यासमवेत गाण्याचा आनंद घेतील.' भाषा वराच्या काकांची. ज्येष्ठांना घरच्यांनी फोन करून लवकर बोलावलं.

गाण्यांचा वाद त्यामानाने लवकर मिटला. वधूपित्याला दोन तरी हिंदी हवी होती. साठ-सत्तरच्या दशकांतली, ज्यांत मुळातच ब्रास आहे अशी दोन निवडली. गायिकेचा सूर आणि ब्रासवाल्यांची सोय यांत थोडी ओढाताण झाली. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही बी-फ्लॅटची वाद्यं, म्हणजे त्यांचा 'सा' काळी पाचला, पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला. त्यांना काळी पाच, काळी दोन सोयीची, तर गिटारवाल्याला पांढरी तीन. एक गाणं अर्ध्या सुराने खाली आणलं आणि विषय संपला.

कागदपत्रांत आणखी एक कुरापत निघाली. पार्टी प्लॉटच्या व्यवस्थापकाला गाण्यांच्या हक्कांचा परवाना हवा होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये धार्मिक समारंभातल्या सादरीकरणाला सूट आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे धरलेले आहेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि आंतरिक व्यापार विभागाने २४ जुलै २०२३ला तशी सूचनाही काढली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने गोवा सरकारचं याच विषयावरचं परिपत्रक रद्द केलं, पण कायद्यातलं कलम आहे तसंच आहे. वधूच्या वकील मावशींनी दोन परिच्छेदांचं पत्र लिहून दिलं, व्यवस्थापकाने ते फाइलला लावलं. आमच्या प्रकरणात एवढ्याने भागलं. तिकिटं लावून केलेल्या कार्यक्रमाला ही सूट मागू नका.

तो दिवस

साउंड चेक चार ते सहा ठरलेला. चारला स्टेजवर आठ जण निशिगंधाच्या माळा बांधत होते आणि मंडपवाला म्हणाला, "बस, दस मिनिट." सहा दहाला स्टेज मोकळं झालं. दोन तासांचे पस्तीस मिनिटं उरले.

त्या पस्तीसातली बारा गेली एका गुरगुरण्यात. गिटारचा ॲम्प्लिफायर चालू केला की खर्जात सतत 'घूंऽऽ'. अशाच कारणासाठी मी साउंडला वेगळा जनरेटर घेतला होता, कारण लाइटवाल्यांचे डिमर आणि आमची यंत्रं एका तारेवर आली की हे होणारच. एकेक प्लग काढत गेलो तेव्हा कळलं की लाइटवाल्याची वायर दोन हात कमी पडली म्हणून त्याने झाडांवरच्या लाइटांची लाइन गुपचूप आमच्या जनरेटरला जोडली होती. वायर त्याला माझ्याकडची दिली.

मग ड्रमर हाताची घडी घालून उभा दिसला. ज्या भाड्याच्या कंपनीकडून ड्रम सेट आणला, त्यांनी ड्रम पाठवले, झांजा पाठवल्या, पेडल पाठवलं आणि हाय-हॅटचा क्लच पाठवला नाही. बोटभर लांबीची वस्तू. वरची झांज दांड्याला धरून ठेवते. ती नसेल तर पायाने झांजा मिटत नाहीत, आणि सोलचा ठेका त्या मिटण्या-उघडण्यावरच चालतो. कंपनीचा फोन लागेना. शेवटी फतेहगंजमध्ये राहणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाने स्वतःच्या सेटचा क्लच काढून दिला, माझा भाचा स्कूटरवर जाऊन घेऊन आला. सात पंचवीस झाले होते. तेव्हापासून माझ्या पेटीत एक क्लच कायम असतो.

तिघांचं हळू वाजवणं छान झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच हवं होतं. रांग आठ बेचाळीसला बंद केली. सातव्या क्रमांकावरच्या एका काकांना ते आवडलं नाही.

आठ पन्नासला पूर्ण बँड उभा राहिला, आणि पहिली दोन गाणी सपशेल पडली. वादन उत्तम. पण लोक चाट काउंटरपाशी उभे राहून लांबून बघत होते. गायिकेने ओळ टाकून माइक पुढे केला, समोर शांतता. टाळ्या वाजवायला सांगितल्या तर अर्ध्यांच्या पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर. सोलमध्ये त्या दुसऱ्या-चौथ्यावर हव्यात, ड्रमर स्नेअर, म्हणजे मधला कडक आवाजाचा ड्रम, तिथेच मारतो. आपला कान समेकडे जातो, त्याला कोण काय करणार. वधूपित्याने लांबून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सहा लाख रुपये होते.

यादीत पाचव्या क्रमांकावर एक सहा-आठच्या लयीतलं गाणं होतं, गॉस्पेलच्या अंगाचं, मध्यम चालीचं. साउंड चेकच्या वेळी ते ऐकताना माझा पाय आपोआप हिंचला गेला होता. गरब्याची हिंच सहा मात्रांची. वजनं वेगळी, पण झोका तोच. मी कीबोर्डवाल्याला बोटांनी पाच दाखवले, त्याने मान हलवली.

चौथ्या ओळीला वधूच्या दोन मावशी पुढे आल्या. ताटं खाली ठेवली आणि दोन टाळीचा गरबा सुरू केला, इंग्रजी गाण्यावर, शालूत. मग नवरी. मग तिच्या शाळेतल्या सात-आठ मैत्रिणी. वराकडची ठाण्याची मंडळी जरा बिचकली, मग तीही आत शिरली. गोल झाला. ड्रमरने ते बघून खालचा ड्रम ढोलासारखा घेतला. गायिकेला काय चाललंय ते कळलं नसावं, पण गोल तिला कळला. तिने लांब ओळी सोडून दिल्या, दोन-दोन शब्दांचे तुकडे टाकायला लागली, आणि गोलातून ते परत यायला लागले. शब्द कोणाला येत नव्हते. झीलणं येत होतं. चार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटं चाललं. त्यानंतरच्या सरळ चार मात्रांच्या गाण्यांनाही लोक जागेवरून हलले नाहीत. हिंदी दोन झाली, त्यांना टाळ्या मिळाल्या, पण गोल सुटला तो सुटलाच. जे मी हमखास म्हणून धरलं होतं तेच थोडं फिकं निघालं.

गारव्याने ब्रास जरा उतरला होता. थंडीत फुंकवाद्यं खाली येतात आणि कीबोर्ड आपल्या जागेवर अढळ. सॅक्सोफोनवाला दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य शालीखाली धरून फुंकत बसे. श्रोत्यांत हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. आजींच्या आलं. "मधे जरा बेसूर होत होते," त्या म्हणाल्या, "पण जीव होता."

नऊ बावन्नला मी आवाजाचा मुख्य फेडर खाली आणला. रांग पुन्हा लागली, दहा चाळीसला संपली. अंदाजाने दोनशे माणसं गोलात किंवा गोलाच्या काठावर होती. बाकीची जेवली आणि तीही खूश होती. न भेटता गेलेली घरं पाच. त्यातल्या एका आत्यांचा रुसवा होळीपर्यंत टिकला.

हिशेब

बँडचं मानधन ३,६०,०००, त्यावर अठरा टक्के जीएसटी ६४,८००. नऊ वादक, त्यांचा साउंड इंजिनियर आणि मॅनेजर मिळून अकरा जणांचा मुंबई-बडोदा जाण्यायेण्याचा खर्च ३४,०००. एका रात्रीच्या खोल्या १७,०००. स्पीकर, माइक, ड्रम सेट, ॲम्प्लिफायर यांचं भाडं १,३५,०००, जादा जनरेटर १४,०००. एकूण ६,२४,८००. डीजेच्या सातपटीहून जास्त. क्लच विसरलेल्या कंपनीच्या बिलातून वधूपित्याने पाच हजार कापले. मी दोन म्हटले होते.

यातला वाचवता आला असता असा पैसा फार नाही. सातच जण आणले असते तर ट्रॉम्बोन आणि झीलकरी गेला असता, आणि झीलकऱ्याशिवाय गायिकेने तो गोल सांभाळला नसता. स्पीकरच्या भाड्यात हात आखडायला जागा होती. दोन हजार माणसांच्या गरब्याला पुरेल एवढा माल साउंडवाल्याने सवयीने आणला आणि आम्ही सवयीने मान्य केला.

एप्रिलमध्ये दुसऱ्या एका घरातून बोलावणं आलं. त्यांनी या रिसेप्शनचं चित्रण पाहिलं होतं, हाच बँड हवा होता, पैशांची अडचण नव्हती. माणसं नऊशे. मी पहिला प्रश्न विचारला, रांग किती वाजता बंद करणार? वरपिता म्हणाले, "बंद? अहो, लोक काय म्हणतील?" मी त्यांना एका चांगल्या डीजेचा नंबर दिला.